घर कुणाला विचारून बांधताय?

लग्नाचा बायोडाटा अलीकडे वाचलाय का? स्वतःचा नव्हे हो, दादाचा, ताईचा. पूर्वी त्यात 'शेती : चार एकर बागायत' ही ओळ भाव खाऊन जायची. आता तिच्याखाली आणखी एक ओळ लागते, 'कराडला टू बीएचके' नाहीतर 'सांगलीत स्वतःचा फ्लॅट'. ती नसेल तर पुढचा फोन येईलच असं नाही. मग पारावर बसून पोरींना नावं ठेवली जातात, "यांना गावात राहायलाच नको!"

मला हे पटत नाही. पोरींना फ्लॅटचं एवढं काही नसतं. त्यांना नळाला पाणी, आतून कडी लागणारी स्वतःची खोली आणि घरातच संडास-बाथरूम हवं असतं. कराडला लागून असलेल्या मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना झाली. तिथं घर घ्यावंसं वाटलं तर त्याला चैन म्हणायचं का? ज्या आयांनी वर्षानुवर्षं अंधार पडायची वाट बघितली, त्यांच्या मुली घर बघायला गेल्या की आधी बाथरूमचं दार उघडतात. उघडू देत की.

इन्स्टावर जुन्या वाड्यांचे रील बघून आपण हळहळतो. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पाटण तालुक्यातली दगडमातीची घरं माणसांच्या अंगावरच आली होती. कृष्णाकाठच्या भिलवडीसारख्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर बघितलेत. तिथला माणूस आज घर बांधताना जोतं किती उंच घ्यायचं आणि वरचा मजला कसा काढायचा, हे पहिल्यांदा विचारतो. याला फॅशन कसं म्हणणार?

बिघडतंय दुसरीकडे. खानापूर-आटपाडीकडं एक चक्कर मारा. विटा परिसरातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर गेली, तिकडं कमावलं आणि गावात बंगले बांधले. घामाचा पैसा आहे, कौतुकच आहे. पण जत्रा संपली की दाराला कुलूप. पाटण-जावळीतून माथाडी कामाला मुंबईला गेलेल्यांच्या गावांतही अशी बंद दारं दिसतात. उघडी असतात त्या घरांत बहुतेक वेळा दोन म्हातारी माणसं, तीही खालच्या एका खोलीत.

आणि त्यांच्यासाठी त्या घरात काय असतं? पुण्यातल्या कुणाच्या फ्लॅटचा फोटो मोबाइलवर मिस्त्रीला दाखवायचा, झाला प्लॅन. ओटा जाऊन पार्किंग आलं, सोपा जाऊन हॉल आला. कमोड वरच्या मास्टर बेडरूमला आणि गुडघे धरलेली आजी खाली! माण-आटपाडीच्या उन्हात धाब्याच्या घरात दुपारी डोळा लागायचा. आता स्लॅबखाली मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो. निदान वर पत्र्याची शेड नाहीतर पांढरा रंग तरी द्यावा, तर तो पैसा पीओपीत गेलेला असतो. टीव्ही युनिटला अख्खी भिंत, अभ्यासाच्या टेबलाला कोपरा नाही. लॉकडाऊनमध्ये लेक्चरसाठी रेंज शोधत माळावर बसलेले आपणच ना? तरी आपणही टेबल मागितलं नाही.

यात तुमचं काम आहे. हायवेच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट घेतले जातात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एजंट सांगतो, "सगळं क्लिअर आहे." बाबा इसार देऊन मोकळे होतात. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, तिथं घर बांधायला कायदेशीर परवानगी आहे का, रस्ता कागदावर आहे का, हे बघायला घरात तुम्हीच आहात. सहीच्या आधी बघा, नंतर बँक कर्ज नाकारते तेव्हा नव्हे.

आणि या सुट्टीत घराचा विषय निघालाच, तर कागद घेऊन आधी आजीजवळ बसा. ती कुठं बसून भाजी निवडणार, रात्री उठली तर दिव्याचं बटण हाताला लागणार का, हे विचारा. ती ओटा मागेल बहुतेक. गाडी जरा बाजूला लावता येते. मग आईला विचारा. ती म्हणेल, "मला काय विचारता, तुमचं तुम्ही ठरवा." उठू नका तिथून. थोडं थांबलात तर सांगेल.