आधी चाक, मग एक्सल

पुढचा एक्सल बदलला की चाकंही नवीच घ्यावी लागतात, असं ऑफ-रोडिंगच्या दुनियेत सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. सॉलिड एक्सल बसवून झाल्यावर गाडीची मूळ, कंपनीची चाकं तिच्यावर नीट बसली, तर काम मापात झालं असं मी समजतो. बसली नाहीत, तर का बसली नाहीत हे कळेपर्यंत नव्या चाकांसाठी पाकीट उघडू नये.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडिलांचं लेथचं दुकान होतं, यंत्रमागाचे सुटे भाग करून द्यायचे. व्हर्निअर हातात न घेता ‘बसेल’ म्हणणाऱ्या कारागिराला ते दुकानात उभं करत नसत. मी आता अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात फिनिक्सला राहतो. नोकरी मशीनिंगची, आणि शनिवारी एका छोट्या फोर-बाय-फोर वर्कशॉपात हात काळे करतो. इथे जुन्या टोयोटा पिकअप येतात, आणि त्यातल्या बऱ्याच याच कामासाठी येतात.

वाचकांपैकी बहुतेकांचा या प्रकाराशी संबंध नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आजच्या बहुतेक गाड्यांची पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. हमरस्त्यावर याचं सुख मोठं. पण खडकाळ चढावर चाक जितकं खाली लोंबायला हवं तितकं या रचनेत लोंबत नाही. ते हवेत राहतं आणि नुसतं गरगरतं. सॉलिड एक्सल बैलगाडीच्या आसासारखा एकसंध असतो. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि जमीन सोडत नाही. टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपला पुढे असा एक्सल १९८५च्या मॉडेलपर्यंत होता. १९८६पासून टॉर्शन बारवरचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. तेव्हापासून इथले शौकीन नव्या गाडीखालचं सस्पेन्शन काढून टाकतात आणि भंगार यार्डातून शोधलेला जुना एक्सल पाट्यांवर बसवतात.

हौसेची खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. १९८९ची एक पिकअप आमच्याकडे आली होती. एक्सल १९८४चा, वेल्डिंग देखणं, पाटे नवे. मालकाने सोबत दहा इंच रुंदीच्या चकचकीत रिमही आणल्या होत्या, कारण ‘कंपनीची चाकं लागत नाहीत’ असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही जुनी चाकं लावून पाहिली. सहाही बोल्ट बरोबर बसले. बसणारच होते, कारण दोन्ही काळांतल्या या फोर-बाय-फोर पिकअपचं बोल्टचं वर्तुळ एकच आहे: सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटर. पंधरा इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरलाही घासत नव्हती. अडचण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आली. रिमची आतली कड टाय रॉडच्या टोकाला लागत होती. शिवाय गाडीकडे समोरून पाहिलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा आत गेलेली दिसत होती.

कारण साधं आहे. १९८६ला सस्पेन्शन बदलताना टोयोटाने गाडी रुंदही केली. जुना एक्सल नव्या रचनेपेक्षा सुमारे तीन इंच अरुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड इंच कमी. त्या दीड इंचामुळे चाक आत सरकतं आणि जे लागू नये ते लागतं.

यावर लोक दोन उपाय करतात. पहिला, बाहेर काढलेल्या बशीसारख्या रुंद रिमा घेणं. दुसरा, हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर घालणं. तिसरा उपाय बहुतेकांच्या मागच्या अंगणात गवतात पडलेला असतो. गाडीतून काढलेल्या स्वतंत्र सस्पेन्शनचे हब जुन्या एक्सलच्या स्पिंडलवर बसतात, आणि चाक टेकण्याची जागा नेमकी दीड इंच बाहेर येते. त्याला जुळणारी ब्रेक डिस्क आणि कॅलिपर लावले की पुढची रुंदी मागच्याला मिळते आणि कंपनीची चाकं पूर्ण वळतात. जे भाग किलोच्या भावाने विकायचे ठरले होते, त्यांनीच ते काम केलं.

यावर कुणी म्हणेल, स्पेसरनेही चाक दीड इंचच बाहेर येतं, मग फरक काय? बेअरिंगवरचा ताण दोन्हींत सारखाच वाढतो, हे मला मान्य आहे. फरक सांध्याचा आहे. चांगला स्पेसर हबला वेगळ्या नटांनी आवळतात आणि चाक त्याच्या स्वतःच्या बोल्टांवर बसतं. म्हणजे चाकामागे नटांचा आणखी एक संच दडलेला असतो. तो सैल झाला तर बाहेरून दिसत नाही. चाक उतरवल्याशिवाय त्याला पाना लागत नाही. आणि बाजारात मिळणारी नुसती भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची चकती तर याहून वाईट. ती जितकी जाड, तितका बोल्टचा आटा नटाला कमी मिळतो. बारा मिलिमीटरच्या बोल्टला निदान तेवढीच लांबी नटाच्या आत हवी. या हिशेबाला सवलत नाही.

रुंद रिमांचा मोह मला समजतो. गाडी पसरट उभी राहते, आडव्या उतारावर आधार वाटतो, फोटोही छान येतो. पण चाकाचा मध्य जितका बाहेर जातो, तितका तो स्टेअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं तिच्यापासून लांब जातो. मग प्रत्येक दगड हातातल्या चक्राला हिसका देतो आणि बेअरिंग लवकर रडतात. कंपनीच्या रिमला मर्यादा आहेत हेही खरं. टोयोटाची सात इंच रुंदीची रिम साडेदहा इंच रुंद टायर नियमात पेलते. साडेबाराचा तिच्यावर चढवू नये. पण इथल्या सेडोनाच्या लाल खडकांवर मी साडेदहाच्या टायरवर अडलेले फार थोडे पाहिलेत. अडतात ते बहुधा चालवण्याच्या घाईने.

काही जण टोयोटाचा एक्सल सोडून थेट डेना ६० बसवतात. एक टनी ट्रकचा हा एक्सल राक्षसी मजबूत. पण त्याला आठ बोल्ट, वर्तुळ साडेसहा इंचांचं, आणि कॅलिपर इतका मोठा की पंधरा इंची रिम घासल्याशिवाय जात नाही. इथे कंपनीची चाकं बसणारच नाहीत. मग पुढे आठ बोल्ट, मागे सहा, आणि स्टेपनी एकच! डोंगरात चुकीच्या टोकाचं चाक फुटलं तर ती स्टेपनी बसायला स्टूल म्हणून उपयोगी. म्हणून मी म्हणतो, एक्सल निवडण्याआधी चाकाचा विचार करा. कोणतं चाक, कोणता टायर, स्टेपनी कोणती हे आधी ठरवा आणि त्यावरून एक्सल शोधा. लोक उलट क्रमाने जातात आणि दुप्पट खर्च करतात.

हे सगळं मराठी वृत्तपत्रात लिहायचं कारण असं की पुण्या-कोल्हापूरकडची तरुण मुलं मला फोटो पाठवून सल्ला विचारतात. त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ॲरिझोनात खासगी गाडीची ठरावीक काळाने सुरक्षा तपासणी होत नाही. फिनिक्स आणि टुसॉन भागात फक्त धुराची होते. त्यामुळे इथे दिसणारं सगळं अनुकरण करण्याजोगं नाही. नीट केलेली गाडी आणि चकत्या ठोकलेली गाडी एकाच हमरस्त्यावर ताशी शंभरच्या पुढे धावतात. चाक निखळलं तर ते मालकाला शोधत जात नाही, शेजारच्या लेनमध्ये जातं.

भारतात कायदा दुसऱ्या टोकाला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आणि त्याच वर्षी आलेलं कलम १८२अ मिळून उत्पादकाच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा हेतू योग्य आहे. पण चांगलं काम तपासून त्यावर शिक्का मारणारी, सामान्य मालकाच्या आवाक्यातली वाट त्यात दिसत नाही, आणि मग चांगलं-वाईट सगळंच काम चोरून होतं. ऑस्ट्रेलियात अशा बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठा फेरफार अभियंत्याकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. तशी सोय आपल्याकडे व्हावी, असं मला वाटतं.

ती होईपर्यंत भारतातल्या शौकिनाला माझा सल्ला सरळ आहे. पुढे सॉलिड एक्सल हवाच असेल तर तो कारखान्यातूनच आलेली गाडी घ्या. मारुतीची जिप्सी तशी होती, जिम्नी आजही तशी आहे, आणि दोघींची चाकं ज्या मापाची आहेत त्याच मापाने त्या डोंगर चढतात.

आणि गाडीखाली हात घालायला कुणाला देणारच असाल, तर पैसे मोजण्याआधी त्याला चार गोष्टी विचारा: बोल्टचं वर्तुळ किती, हबचा मध्य रिमच्या भोकात किती घट्ट बसतो, रिमची आतली कड टेकणीपासून किती आत येते, आणि या रिमला कोणत्या बैठकीचा नट लागतो. स्टीलच्या रिमचा शंकूसारखा नट टोयोटाच्या त्या काळच्या अलॉयला चालत नाही, तिला वॉशरचा नट लागतो. चारही उत्तरं तोंडी, मापासकट मिळाली तर किल्ली द्या. नुसतं ‘बसेल’ असं उत्तर आलं, तर गाडी घरी परत न्या.