संगणकाशी गट्टी : तिकिटाएवढं चित्र

तुमच्यापैकी किती जण टपालाची तिकिटं जमवतात? जमवत नसाल तर घरातली एखादी जुनी पाकिटं शोधा आणि त्यांवरची तिकिटं नीट पाहा. दोन बोटांवर मावेल एवढा तो कागद! पण त्यावरचा मोर मोरच दिसतो, इंजिन इंजिनच दिसतं, आणि गांधीजी तर नुसत्या चष्म्यावरून ओळखू येतात. हे कसं जमतं बुवा?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या शेजारच्या एका मित्रामुळे. स्वारी नववीत आहे. चार महिने सगळे रविवार खर्चून त्याने संगणकावर एक खेळ बनवला. त्यात एक खारूताई आहे. पाऊस यायच्या आत तिला घरटं बांधायचंय. त्यासाठी ती चिंचेवरून कौलांवर आणि कौलांवरून विजेच्या तारेवर जाते आणि काथ्या, कापूस, सुतळीचे तुकडे गोळा करते. तारेवर असताना आपण तिची शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवायची आणि तिचा तोल सांभाळायचा. चुकलात की धप्प!

त्याने हा खेळ 'इच डॉट आयओ' या संकेतस्थळावर ठेवला. जगभरातले हौशी आणि छोटे खेळ बनवणारे आपले खेळ तिथे ठेवतात. दोन आठवडे झाले. खेळला कोण? त्याचा मामा आणि वर्गातले मित्र. बस्स.

"दादा, माझा गेमच फालतू आहे," तो तोंड पाडून म्हणाला.

मी खेळून पाहिला. तीनदा पडलो, चौथ्यांदा पुन्हा सुरू केला. फालतू खेळ कुणी चौथ्यांदा खेळतं का? मग दुकानातलं त्याचं चित्र पाहिलं, आणि घोटाळा कुठे आहे ते कळलं.

खेळांच्या दुकानात आपण आधी खेळ पाहत नाही. पाहतो ते त्याचं छोटंसं चित्र. दार उघडायचं की पुढे जायचं, ते आपण त्या चित्रावरून ठरवतो. संगणकावरच्या खेळांचं 'स्टीम' नावाचं मोठं दुकान आहे. तिथे 2024 या एका वर्षात 18 हजारांहून जास्त नवे खेळ आले. म्हणजे दिवसाला सरासरी पन्नासाच्या आसपास! या गर्दीत आपलं चित्र केवढं दिसतं? स्टीमच्या काही याद्यांमध्ये ते अवघं 120 ठिपके रुंद आणि 45 ठिपके उंच असतं. चांगल्या मोबाइलच्या पडद्याच्या रुंदीत असे हजारेक ठिपके असतात. म्हणजे आपल्या वाट्याला आलं ते तिकीटच की!

आमच्या मित्राच्या चित्रात मात्र खार होती, मांजर होतं, चिंच होती, घर होतं, ढग होते, वीज होती आणि खिडकीतून बघणारा मुलगाही होता. वर नाव होतं, 'साहसी खारूताईची घरटे-मोहीम'. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'नवा! थरारक!' मोठं करून पाहिलं तर झकास. आम्ही ते तिकिटाएवढं करून आजीसमोर धरलं आणि विचारलं, "आजी, काय दिसतंय?"

आजी म्हणाल्या, "गोधडी आहे का रे?"

मित्राला हसू आलं आणि रडूही. मग तो एकदम म्हणाला, "कळलं! मोठा वाघ टाकतो. वाघ असला की सगळे बघतात."

"तुझ्या खेळात वाघ आहे?"

"नाही."

"मग वाघ बघून आलेला मुलगा आत खार बघून काय करेल?"

तो गप्प बसला. दोस्तांनो, हे छोटं चित्र म्हणजे आपण दिलेला शब्द असतो. 'आत ये, तुला हे मिळेल,' असा शब्द. तो मोडला की आलेला माणूस लगेच जातो, आणि पुढच्या वेळी आपलं खरं चित्रही त्याला खोटं वाटतं. स्टीमने तर 1 सप्टेंबर 2022 पासून नियमच केला. या चित्रांवर खेळाचं चित्र, त्याचं नाव आणि उपशीर्षक एवढंच हवं. 'इतके तारे मिळाले', 'अमुक बक्षीस', 'इतकी सूट' असलं काही लिहायचं नाही.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. काय काय केलं, ते सांगतो.

पहिलं काम चित्राचं नव्हतंच. एक वाक्य लिहायचं होतं : खेळणारा या खेळात काय करतो? मित्राने लिहिलं, 'तारेवर खारीचा तोल सांभाळतो.' झालं! या वाक्यात जे नाही, ते चित्रातून बाहेर. मांजर गेलं, घर गेलं, खिडकीतला मुलगा गेला. "पण ते मांजर काढायला मला दोन दिवस लागले होते!" तो कळवळला. मांजर खेळात आहेच की. जो आत येईल त्याला ते भेटेलच.

दुसरी सावलीची परीक्षा. आम्ही खार पूर्ण काळी रंगवली. समोरून काढलेली ती खार सावलीत चक्क बटाटा दिसत होती! मग ती बाजूने काढली आणि शेपटी उंच उभारली. आता आजींनी लांबूनच ओळखली. 2018 साली आलेल्या 'अमंग अस' खेळातले अंतराळवीर आठवा. त्यांना हात नाहीत, मान नाही, समोर फक्त एक काच. पण नुसती सावली पाहिली तरी तुम्ही ओळखता, हो की नाही?

तिसरी डोळे किलकिले करण्याची परीक्षा. डोळे अर्धवट मिटले की बारीकसारीक जातं, फक्त उजेड आणि अंधार उरतो. मित्राची खार करडी आणि मागचे ढगही करडे. सगळं एकात एक! मग मागे पावसाळी गडद निळं आभाळ केलं आणि खार उजळ. 2017 सालचा 'हॉलो नाइट' हा खेळ ऑस्ट्रेलियातल्या एका चिमुकल्या गटाने बनवला. त्यातल्या छोट्या किड्याचा चेहरा पांढरा आणि डोळे काळेकुट्ट आहेत. म्हणून अंधाऱ्या जगातही तो चटकन दिसतो.

चौथं नाव. छोट्या चित्रात लांबलचक नाव म्हणजे मुंग्यांची रांग. आपल्या देवनागरीत तर आणखी गंमत होते. अक्षर लहान झालं की जोडाक्षरांचा गोळा होतो आणि शिरोरेखा फार जाड असेल तर वरच्या मात्रा तिच्यात बुडतात. मित्राने बराच वेळ डोकं खाजवलं आणि नाव ठेवलं, 'तोल'. दोनच अक्षरं! ती पिवळ्या रंगात चांगली मोठी काढली. 'नवा! थरारक!' केव्हाच पुसून टाकलं होतं.

नवं चित्र चढवलं. जादू झाली का? नाही बुवा. हजारो लोक काही आले नाहीत. पण आठवड्याभराने एका अनोळखी माणसाची चिठ्ठी आली. तिसऱ्या टप्प्यात खार तारेत अडकते, तेवढं दुरुस्त करा. खरं म्हणजे ती तक्रारच होती! पण आमचा मित्र जिन्यावरून ओरडतच आला, "दादा, कुणीतरी तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं!"

आता तुमची पाळी. चौकटीच्या वहीत 4 सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर उंच अशा पाच चौकटी आखा. 120 आणि 45 चं प्रमाण हेच, गणित करून पाहा! स्वतःचा खेळ नसेल तर लगोरी, विटीदांडू नाहीतर लंगडी घ्या. आधी एक वाक्य लिहा, मग प्रत्येक चौकटीत वेगळं चित्र काढा. पेन्सिल बोथटच घ्या, म्हणजे बारकावे काढताच येणार नाहीत. वही चार पावलं लांब धरून घरातल्या कुणालातरी विचारा, "काय दिसतंय?" आपण उत्तर सुचवायचं नाही! जमलंच तर पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या 2020 सालच्या खेळाचं चित्र शोधा. तुमची नजर आधी कुठे जाते आणि का, ते लिहून काढा.

आईबाबांना दोन शब्द : मुलांनी बनवलेला खेळ संकेतस्थळावर ठेवताना शेजारी बसा. खरं नाव, शाळा, फोन नंबर तिथे नको. दुसऱ्याचं चित्र उचललेलं नाही ना, तेही पाहा. आणि चित्र पाहून 'छान आहे' म्हणायची घाई करू नका. काय दिसलं ते खरंखरं सांगा. गोधडी दिसली तर गोधडी म्हणा!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
दादा