रामशास्त्र्यांचे घर

बऱ्हाणपूरचा शनवारा आणि पुण्याचा शनिवारवाडा यांच्या नावांतील साम्याची आमच्याकडील मराठी मंडळींना नेहमीच मौज वाटत आली आहे. पण या गावाचा पुण्याशी असलेला संबंध केवळ नावापुरता नाही. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने जो मुलूख मराठ्यांस तोडून दिला, त्यात बऱ्हाणपूर होते. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांच्या जागी बसलेले चुलते रघुनाथराव दुसऱ्याच वर्षी बारभाईंच्या फौजांपुढून हटत याच शहरावरून माळव्याकडे निघून गेले. या रघुनाथरावांस भर सत्तेत असताना अपराधी ठरविणारे न्यायाधीश म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. त्यांच्या त्या निकालाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही आज लिहिणार आहोत ते त्यांच्या घराविषयी.

सातारजवळचे माहुली हे शास्त्रीबोवांचे गाव. जन्म सुमारे १७२० चा. लहानपणीच पोरके झाल्यामुळे विद्येचा योग लवकर आला नाही. साताऱ्यास एका सावकाराच्या घरी ते कामास होते, आणि तेथे झालेला अपमान मनास लागून ते काशीस गेले, असे परंपरा सांगते. ज्या वयात इतरांचा अभ्यास संपतो त्या वयात त्यांचा सुरू झाला. काशीस बाळंभट पायगुंडे यांच्याजवळ धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते पुण्यास आले, पेशव्यांच्या शास्त्रीमंडळात दाखल झाले, आणि १७५९ साली न्यायाधीश झाले.

त्यांच्या राहणीविषयी ग्रँट डफने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एका दिवसास पुरेल त्याहून अधिक शिधा घरात ठेवावयाचा नाही, असा शास्त्रीबोवांचा नेम होता. हे वाचले की आपण त्यांस मनोमन नमस्कार करतो. परंतु ज्या गृहिणीस रोज सकाळी रिकाम्या डब्यांपासून प्रारंभ करावा लागे, तिचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. अवेळी पाहुणा आला, घरात कोणी आजारी पडले, तर त्या नेमाचा भार कोणावर पडत असेल?

याच गृहिणीची दुसरी एक आख्यायिका घरोघर सांगितली जाते. त्या एकदा पेशव्यांच्या वाड्यात हळदीकुंकवास गेल्या असता पेशवीणबाईंनी त्यांस वस्त्रालंकारांनी मढवून पालखीतून घरी पाठविले. शास्त्रीबोवांनी दारातच सांगितले की, ही पालखी घर चुकली आहे. गरीब ब्राह्मणाच्या बायकोचे असे दागिने नसतात. त्या मुकाट्याने परतल्या, अलंकार उतरवून ठेवले, आणि साध्या लुगड्यात पायी घरी आल्या. ही गोष्ट सांगताना वाहवा होते ती शास्त्रीबोवांची. आम्हांस मात्र वाटते की, त्या दिवशीची कठीण वाट बाईंनी चालली होती. न्यायाधीशाने भेट नाकारणे हा त्याचा धर्म. पण अंगावर चढलेले सोने न कुरकुरता उतरविणे, हे घराने त्या धर्मात घातलेले दान आहे.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हा ग्रँट डफ स्कॉटलंडचा. रामशास्त्री ज्या १७८९ साली वारले, त्याच साली त्याचा जन्म झाला, आणि पुढे तो साताऱ्यासच रेसिडेंट होता. त्याच्या मायदेशीही शतकभर आधी जेम्स डालरिंपल, लॉर्ड स्टेअर, नावाचे थोर न्यायाधीश होऊन गेले. स्कॉटलंडच्या कायद्यावरील त्यांचा ग्रंथ १६८१ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास राजाने मागितलेली शपथ घेण्यास नकार देऊन त्यांनी न्यायासन गमावले आणि ते हॉलंडात जाऊन राहिले. राज्य पालटल्यावर ते सन्मानाने परतले. पण त्यांचे पुत्र जॉन मंत्रिपदी असताना १६९२ साली ग्लेन्को येथे मॅकडोनाल्ड कुळातील अडतीस माणसांची कत्तल झाली, आणि तिचा ठपका त्यांच्यावर येऊन १६९५ साली त्यांस पद सोडावे लागले. पित्याचा ताठ कणा पुत्राला वारशाने मिळतोच असे नाही. घराने तो आपखुशीने उचलावा लागतो.

रामशास्त्र्यांनीही पद सोडले होते. नारायणरावांच्या खुनाची चौकशी करून त्यांनी रघुनाथरावांस तोंडावर सांगितले की, या पापास देहान्ताहून दुसरे प्रायश्चित्त नाही. मग ते पुणे सोडून वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर त्यांस पुन्हा बोलावून घेतले, आणि अखेरपर्यंत ते न्यायासनावर होते.

त्यांची आणखी एक गोष्ट आमच्या अधिक उपयोगाची आहे. श्रावणमासी पुण्यास विद्वानांस दक्षिणा वाटली जाई. एकदा रामशास्त्र्यांचे बंधू त्या समुदायात आले. न्यायाधीशांचा भाऊ म्हणून त्यांस अधिक द्यावे, असे नाना फडणविसांस वाटले. शास्त्रीबोवा म्हणाले, त्यांच्या विद्येस साजेल तेवढेच सरकारातून द्यावे; भाऊ म्हणून काय द्यावयाचे ते मी माझ्या घरून देईन. आख्यायिकेचा हा उत्तरार्ध पुष्कळजण विसरतात. शास्त्रीबोवांनी भावाला दूर लोटले नाही. भावाचा हक्क त्यांस मान्य होता. तो कोणत्या पेटीतून पुरवावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न रोजचा आहे. आपली वस्ती लहान, घरे मोजकी, आणि सगळीच कोठे ना कोठे सोयरिकीने जोडलेली. मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पाहणारे काका आणि अर्ज करणारा पुतण्या एकाच पंगतीला बसतात. वसतिगृहातील खोली असो की मंगल कार्यालयाची तारीख, ‘आपलाच मुलगा आहे’ हे वाक्य उच्चारले की बोलणाऱ्यास आपण काही वावगे करतो असे वाटतच नाही. परमुलखात एकमेकांस धरून राहिलो म्हणूनच आपण टिकलो, हे खरेच आहे. पण ज्या घरचे कोणी समितीवर नाही, त्या घरचा मुलगा एकदा रिकाम्या हाताने परतला की पुन्हा मंडळाची पायरी चढत नाही. आणि त्याच्या मागोमाग त्याच्या घरातून मराठीही जाते.

वाचकहो, दोन पेट्या वेगळ्या ठेवणे एकट्या समितीच्या माणसाला साधणारे नाही. आपल्या भाच्याचा अर्ज पुढे आला की त्याने बैठकीतून उठावे, आणि घरी बहिणीने त्याबद्दल अबोला धरू नये. भाच्याची नड खरी असेल तर मामाने आपल्या खिशात हात घालावा, आणि मामीने त्यास आडकाठी करू नये. शास्त्रीबोवांच्या घरी हे साधले होते, म्हणून त्यांचा शब्द पेशव्यांसमोरही अडखळला नाही.