ग्रामसभा भरते ती फक्त प्रोसिडिंगात!

ग्रामसभेच्या नावाने महाराष्ट्रातल्या गावागावांत जो खोटेपणा राजरोस चालला आहे, त्याला आम्ही गैरकारभार म्हणणार नाही. ही लूट आहे. गावाचा शब्द, गावाचा पैसा आणि राज्यघटनेने गावाला दिलेला हक्क प्रोसिडिंगच्या एका वहीत कोंबून कपाटाला कुलूप लावले जाते, आणि त्या वहीवर सह्या घेतल्या जातात त्या लुटल्या गेलेल्यांच्याच!

हे कसे घडते ते गावात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. 15 ऑगस्टला झेंडावंदन होते, पोरे खाऊ घेऊन घरी जातात, ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात सतरंजी पडते. सरपंच, ग्रामसेवक, दोन-चार सदस्य आणि भिंतीला टेकून बसलेली आठ-दहा म्हातारी माणसे. कोरमला 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यातला कमी असेल तो आकडा पुरतो. तोही भरत नाही. सभा तहकूब! तहकूब सभेला कोरम लागत नाही, ही पळवाट कारभाऱ्यांना तोंडपाठ आहे. पुढच्या तारखेची दवंडी नाही, फळ्यावर नोटीस नाही. शिपाई रजिस्टर काखोटीला मारून निघतो. डेअरीवर दूध घालायला आलेल्यांच्या सह्या, किराणा दुकानाच्या कट्ट्यावरच्या सह्या, खुरपणीला निघालेल्या बायकांचे अंगठे. ‘घरकुलाच्या यादीसाठी पाहिजे’ एवढे म्हटले की गरीब माणूस कशाला विचारतो? पानाचा वरचा भाग कोरा असतो. सह्या आधी, ठराव मागून! महिनाभराने त्या कोऱ्या जागेत सूचक उगवतो, अनुमोदक उगवतो आणि खाली ते निर्लज्ज वाक्य येते: ठराव सर्वानुमते मंजूर.

कुणाच्या मते? कोण बोलले, कोणी विरोध केला, कोणी हिशेब मागितला? ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्या, असे कायदा सांगतो. ती किती गावांत होते? पंचायतीत निम्म्या जागा बायकांना दिल्या 2011 मध्ये, आणि आजही कित्येक गावांत निवडून आलेली सरपंच चुलीपाशी आणि खुर्चीत तिचा नवरा. त्या नवऱ्याला ‘सरपंच’ म्हणून नमस्कार घालणारे तालुक्याचे अधिकारीही या अपराधात सामील आहेत.

1958 चा ग्रामपंचायत कायदा मुळीच दुबळा नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या आहेत. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली सभा बोलावून तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची कामे आणि लेखापरीक्षणातले आक्षेप ठेवायचे आहेत. कारण नसताना सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. म्हणून तर सभा कागदावर तरी भरवावीच लागते! लेखापरीक्षणातले आक्षेप आपल्या गावात शेवटचे कधी मोठ्याने वाचले गेले, हे वाचकांनी आठवून पाहावे.

आणि पैसा थोडा नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आला. त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. गरज कोणी ठरवायची? ग्रामसभेने. प्रत्यक्षात गावाचा विकास आराखडा तालुक्याच्या गावी एखाद्या संगणकावर तयार होतो. शेजारच्या गावाचे नाव खोडून आपले घातले की झाला आराखडा. सरपंचाची डिजिटल सही ज्या यंत्रात असते ते यंत्र तिसऱ्याच माणसाच्या खणात पडलेले असते. मग ज्या गावात गटारे तुंबून डेंग्यूने पोरे फणफणतात, तिथे चांगल्या रस्त्यावर पुन्हा पेव्हिंग ब्लॉक बसतात, कारण ठेकेदाराला ब्लॉक बसवायचे असतात!

जलजीवन मिशनची घोषणा 2019 च्या 15 ऑगस्टला झाली. 2024 पर्यंत घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर पाणी. 2024 सरले, मुदत 2028 वर गेली. गावोगाव टाक्या उभ्या आहेत, नळाच्या तोट्या भिंतीतून बाहेर आल्या आहेत आणि उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडा घेऊन त्याच जुन्या विहिरीच्या वाटेला आहेत. पाण्याच्या उद्भवात पाणी आहे का, हे न पाहता पाइप पुरणारी योजना कोणी मान्य केली? प्रोसिडिंग उघडा. तिथेही सर्वानुमतेच मान्य झालेली सापडेल.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती स्मशानात. आषाढात माणूस गेला की कोकणातल्या वाडीवर, घाटमाथ्यावरच्या पाड्यावर काय होते ते मुंबईत बसलेल्यांनी एकदा येऊन पाहावे. ओढ्याला पूर आला असेल तर पलीकडे जायला वाट नाही. पोचलेच तर शेड नाही. चार जण ताडपत्रीची चार टोके धरून उभे राहतात, ओली लाकडे पेटत नाहीत, डिझेल ओतावे लागते, ताडपत्रीला झळ लागली की माणसे मागे सरतात आणि पाऊस सरणावर पडतो. मुलगा बापाचे सरण विझताना बघत उभा राहतो. स्मशानभूमीसाठी सरकारची ‘जनसुविधा’ योजना आहे, अनुदानाची तरतूद आहे. मागणीचा ठराव मात्र ग्रामसभेत यावा लागतो, आणि मागणी करणारा माणूस ज्या सभेत बोलला असता ती सभा झालेलीच नसते. पत्र्याच्या एका शेडवाचून माणसाला मेल्यावर भिजवणारा हा कारभार कुठल्या तोंडाने विकासाच्या गप्पा मारतो?

गाव बुडत असताना वरच्यांनी काय केले? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षे ठरवली आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे बजावले. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करा म्हणून सांगितले, तीही मुदत पाळली गेली नाही. लोकांनी निवडलेली सभागृहे नव्हती म्हणून जिल्हा परिषदांच्या आणि पंचायत समित्यांच्या वाट्याचा वित्त आयोगाचा पैसाही अडला. या काळात सत्तेत येऊन गेलेला एकही पक्ष या पापातून सुटत नाही. ज्यांना स्वतःच्या आमदारकीची निवडणूक एक दिवस पुढे गेलेली चालत नाही, त्यांनी गावाची निवडणूक वर्षानुवर्षे लटकवली!

आता गावाला दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्याची बोली 2 कोटी 5 लाखांची होती. पैसा मंदिरासाठी, असे सांगितले गेले. मंदिरासाठी असो की शाळेसाठी, मत विकले की हिशेब मागायचा अधिकार विकला! बोली लावून खुर्चीत बसलेला माणूस उद्या ग्रामसभेत तुम्हाला उत्तर का देईल? आणि डेअरीवर न वाचता सही ठोकणारा शेतकरी कमी किमतीत तेच विकत असतो. जत्रेच्या पट्टीसाठी दारोदार फिरायला, भाऊबंदकीत बांधावरून डोकी फोडायला वेळ आहे, आणि वर्षातून चार वेळा दोन तास सतरंजीवर बसायला नाही?

बसणाऱ्यांनी काय केले तेही याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहण्याची शिस्त लावली आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क पदरात पाडून घेतला. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पर्जन्यछायेतले गाव. तिथे पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि कोणती पिके घ्यायची हे त्यावरून ठरते. दोन्हीकडे माणसे आपल्यासारखीच आहेत.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक ग्रामसभेचे चित्रीकरण सक्तीचे करा आणि ठराव सभा उठण्यापूर्वी सर्वांसमोर वाचून दाखवा. तहकूब सभेलाही दवंडी आणि किमान उपस्थितीची अट घाला. सरकारी दप्तरात खोटी नोंद करणे हा फौजदारी गुन्हा आहे, तेव्हा जिथे न झालेली सभा झाली म्हणून लिहिली आहे तिथे गटविकास अधिकाऱ्याने खुलासे मागवत बसू नये, पोलीस ठाणे गाठावे. तोवर गावातल्या तरुणांनी थांबायचे कारण नाही. 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात मागच्या तीन वर्षांच्या प्रोसिडिंगच्या नकला मागा. नकला हाती आल्या की ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्या दारात जा आणि प्रत्येकाला एकच विचारा: त्या दिवशी तुम्ही कुठे होता? उत्तरे लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या, आणि तो कागद पुढच्या ग्रामसभेत सरपंचाच्या टेबलावर आपटा.