शिंक कोणाची, खापर कोणावर?



परवा पुतण्या मुलाखतीला निघाला आणि मिरचीच्या फोडणीने माझ्या धाकट्या जावेला शिंक आली. "थांब रे, पाणी पिऊन जा!" फर्मान सुटले. नोकरी मिळाली नाही आणि खापर फुटले जावेवर.

बाळ शिंकले की आपण "शतंजीव" म्हणतो. मग सून शिंकली की अपशकुन कसा?

आपली कथा आठवा. महावीर भगवंतांच्या समवसरणात एक देव कोढ्याच्या रूपात आला. भगवंत शिंकले, तेव्हा तो म्हणाला, "मरा." श्रेणिक राजाला म्हणाला, "जग." अभयकुमाराला, "जग किंवा मर." कालसौकरिक कसायाला, "जगूही नको, मरूही नको." राजा संतापला. भगवंतांनी उलगडा केला : त्यांच्यापुढे मोक्ष होता, राजापुढे नरक. अभयकुमाराला इथे धर्म, पुढे स्वर्ग. कसायाला इथे पाप, पुढे नरक. शिंक चौघांची सारखीच, गती मात्र ज्याच्या त्याच्या कर्माची! दुसऱ्याच्या शिंकेने कोणाचेच काही बिघडले नाही.

काउसग्गाच्या आधी आपण अन्नत्थ सूत्र म्हणतो. त्यात खोकला, जांभई यांच्याबरोबर शिंकेलाही सूट आहे. जिने काउसग्ग मोडत नाही, तिने मुलाखत मोडेल?

घोटभर पाण्याने कर्म टळत नाही. पण घरातल्या लेकीसुनेला टोचून बोललो, तर नवे कर्म नक्की बांधले जाते. त्या दिवशी मीही गप्प बसले. जावेची क्षमा मागितली आहे. मिच्छामि दुक्कडम्.