विनोदी नाटकाला हवा ‘दुसरा प्रयोग’
कोकणात हौशी कलावंत आहेत, प्रेक्षक आहेत. पण स्थानिक लेखकाची संहिता एका रात्रीतच संपते

विश्लेषण / प्रतिनिधी

रत्नागिरी : ‘वस्त्रहरण’कार गंगाराम गवाणकर यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हा मालवणी बोलीला जगभर नेणारा नाटककार हरपल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली. ती रास्तच होती. मात्र गवाणकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, राजापूर तालुक्यातल्या माडबन गावचे. त्यांच्या नाटकाचा विषय होता गावातील हौशी मंडळींनी बसविलेले नाटक. त्यामुळे त्यांच्यामागे जिल्ह्याने स्वतःला विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. आज एखाद्या वाडीतील लेखकाने तासाभराचे चांगले विनोदी नाटक लिहिले, तर त्याचे पुढे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर फारसे आशादायक नाही. नाटक बसते, रंगते, मंडप हशाने दणाणतो आणि दुसऱ्या दिवशी मंडपाबरोबर नाटकही उतरविले जाते. ज्या वहीतून तालमी झाल्या, ती वही लेखकाच्या घरी फडताळात जाते. कोकणातील हौशी रंगभूमी मरणपंथाला लागल्याची ओरड अधूनमधून होत असते. पण तिचे खरे दुखणे कलावंतांचा किंवा प्रेक्षकांचा अभाव हे नाही. तिला दुसरा प्रयोग मिळत नाही, हे तिचे दुखणे आहे.

विनोदाची जुनी पेठ

रत्नागिरी जिल्ह्याला विनोद नवा नाही. शिमग्याच्या सुमारास गावोगावी होणाऱ्या नमन-खेळ्यांत गण-गवळणीच्या जोडीला संकासूर येतो, सोंगे येतात आणि उत्तरार्धात वगनाट्य रंगते. या वगाचा लेखक बहुधा गावातलाच असतो. देवाच्या कथेत गावची पाणीटंचाई, सरपंचाची निवडणूक, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचा तोरा बेमालूम मिसळला जातो. सत्यनारायणाची महापूजा, माघी गणेशोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन या निमित्ताने होणारी छोटी नाटके याच परंपरेची भावंडे आहेत.

शहराची परंपरा याहून वेगळी. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘उःशाप’, ‘संन्यस्त खड्ग’ आणि ‘उत्तरक्रिया’ ही तीन नाटके लिहिली. आज त्यांच्याच नावाच्या नगर परिषदेच्या नाट्यगृहात स्पर्धा आणि व्यावसायिक नाटके होतात. ‘खल्वायन’सारख्या संस्थेने संगीत नाटकाची धुरा नेटाने सांभाळली आहे. म्हणजे एकीकडे गंभीर, संगीतप्रधान, बंदिस्त नाट्यगृहातील नाटक आणि दुसरीकडे मंडपातील बोलीतले, हसविणारे नाटक, असे दोन प्रवाह येथे शेजारी शेजारी वाहतात. पहिल्या प्रवाहाला मानमरातब मिळाला. दुसऱ्याला हशा मिळाला, पण नोंद मिळाली नाही.

‘वस्त्रहरण’ने काय शिकविले?

‘वस्त्रहरण’ १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. त्याआधी ‘आज काय नाटक होवचा नाय’ या नावाने गवाणकरांनी हौशी कलावंतांसाठी केलेल्या लेखनातून ते घडत गेले होते. व्यावसायिक रंगमंचावरही सुरुवातीचा प्रतिसाद बेताचाच होता. पु. ल. देशपांडे यांच्या कौतुकाच्या पत्रानंतर शहरी प्रेक्षकांचे लक्ष या नाटकाकडे वेधले गेले. तात्या सरपंचाच्या भूमिकेतील मच्छिंद्र कांबळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग केले.

या यशाचे श्रेय लेखकाच्या प्रतिभेला द्यावे लागेलच. परंतु त्या प्रतिभेला पुन्हा पुन्हा संधी मिळाली, हेही तितकेच खरे. विनोदी नाटक टेबलावर लिहून पूर्ण होत नाही. कोणत्या वाक्याला हशा येतो, कोठे प्रेक्षक चुळबुळ करतो, कोणती जागा लांबली, हे प्रेक्षकांसमोरच कळते. गंभीर नाटक एखाद्या प्रयोगाच्या बळावर वाचकांपर्यंत पोहोचू शकते. विनोदी नाटकाला मात्र प्रयोगांच्या घासणीशिवाय धार येत नाही. पहिल्याच रात्री ‘वस्त्रहरण’चा निकाल लागला असता, तर तीही एक फडताळातील वही झाली असती.

हा नियम केवळ विनोदाला लागू आहे असे नाही. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ हे मुळात एकांकिका होते. कांबळी यांनीच स्थापन केलेल्या ‘भद्रकाली प्रॉडक्शन’ने २०१७ मध्ये ते पूर्ण नाटकाच्या रूपात आणले आणि त्याला मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान मिळाले. एकांकिकेपाशी न थांबता पुढचा प्रयोग करण्याची जोखीम कोणीतरी घेतली, हे येथेही निर्णायक ठरले.

मुंबईचा आधार सुटला

पूर्वी दुसऱ्या प्रयोगाची सोय मुंबईत होती. गिरणगावातील खोल्यांमध्ये गावागावांची मंडळे नांदत. गावी मे महिन्यात किंवा पूजेला बसविलेले नाटक हीच मंडळे परळच्या दामोदर नाट्यगृहात पुन्हा करीत. देणगी प्रवेशिका विकल्या जात आणि त्या पैशातून गावचे देऊळ, शाळा किंवा रस्ता उभा राही. नाटकाला दुसरा प्रेक्षक मिळे, लेखकाला दुसरी परीक्षा मिळे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी या गिरणी कामगार कलावंतांना आणखी एक रंगमंच दिला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे चित्र पालटत गेले. गिरणगाव विस्कटले. चाकरमान्यांची घरे विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकली. दिवसभराच्या लोकल प्रवासानंतर रात्री तालमीला एकत्र जमणे कठीण झाले. १९२२ पासूनची ओळख असलेले दामोदर नाट्यगृहही नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले. त्यावर रंगकर्मींनी आवाज उठविला, तो केवळ जुन्या वास्तूच्या जिव्हाळ्यापोटी नव्हता. नमन, जाखडी आणि गावच्या नाटकांना परवडणारे, मध्य मुंबईतील हक्काचे ठिकाण हातचे जात होते.

स्पर्धा आणि घड्याळ

आता उरतो तो स्पर्धांचा मार्ग. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेचे रत्नागिरी हे एक केंद्र आहे. या स्पर्धेने जिल्ह्याला दिग्दर्शक, नट, तंत्रज्ञ दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु प्राथमिक फेरीत नाटकाला एकच संध्याकाळ मिळते. अंतिम फेरीची दारे मोजक्यांसाठी उघडतात; उरलेल्यांचे नेपथ्य टेम्पोत चढते ते कायमचे. शिवाय स्पर्धेचे मैदान पूर्ण लांबीच्या नाटकाचे. तासाभराचे बोलीतील प्रहसन तेथे बसत नाही, आणि एकांकिका स्पर्धांमध्ये महाविद्यालयीन गटांचा वरचष्मा असतो. शेतकरी, रिक्षाचालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका यांनी मिळून बसविलेल्या वाडीतील नाटकाला धड जागा कोठेच नाही.

दुसरे बंधन घड्याळाचे. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक वापरता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. गावात पूजा, आरती, महाप्रसाद आटोपेपर्यंत नऊ वाजतात. रात्र जागविणारे नमन आणि तीन अंकी नाटक यांची या नियमाने अडचण झाली, अशी तक्रार आहे. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांचा विचार करता नियम चुकीचा म्हणता येणार नाही. उलट, त्यात एक संधीही आहे. जे नाटक पाऊण तासात संपते, तेच आता मंडपात निर्धास्तपणे होऊ शकते. छोट्या विनोदी नाटकाला काळ अनुकूल असताना व्यवस्था मात्र त्याच्या बाजूने उभी नाही, हा खरा विरोधाभास आहे.

बोली विकली जाते, लेखक नाही

बोलीला बाजार नाही, असे आता म्हणता येत नाही. संगमेश्वरी बोलीतील ‘कोकणचा साज, संगमेश्वरी बाज’सारख्या रंगमंचीय कार्यक्रमाने प्रेक्षक मिळविले. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत कोकणी माणूस हमखास असतो. २०२५ मधील ‘दशावतार’ चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद तर ताजाच आहे. पण दूरचित्रवाणीवर बोलीचे अनेकदा केवळ हेल उरतात. बोलणारा माणूस भाबडा किंवा बेरकी, या दोन साच्यांत कोंबला जातो. गावचा लेखक जेव्हा गावावर हसतो, तेव्हा ज्याच्यावर विनोद केला तो माणूस पुढच्या रांगेत बसलेला असतो. या जवळिकीमुळे विनोदाला मर्यादाही येते आणि माणुसकीही.

असे नाटक गावाबाहेर चालणार नाही, कारण त्यातील संदर्भ बाहेरच्यांना कळणार नाहीत, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो काही नाटकांबाबत खराही आहे. परंतु माडबनच्या लेखकाचा गावरान सरपंच ज्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला, त्यांतील बहुतेकांनी ते गाव पाहिलेही नव्हते. कोणते नाटक वेस ओलांडेल, हे ओलांडू दिल्याशिवाय कळत नाही.

काय करता येईल?

यासाठी कोट्यवधींची नाट्यगृहेच हवीत असे नाही. चिपळूणच्या इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्राचे दरवाजे दीर्घकाळ बंद राहिले, तो अनुभव बोलका आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. दरवर्षी निवडक तीन-चार छोट्या विनोदी नाटकांना प्रत्येक तालुक्यात एक प्रयोग आणि प्रवासखर्च दिला, तरी एका संहितेला नऊ वेगळे प्रेक्षक भेटतील. सावरकर नाट्यगृहातील रिकामे दिवस अशा प्रयोगांना नाममात्र भाड्याने देता येतील. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते; ती प्रक्रिया पार पाडण्यास खेड्यातील लेखकाला तालुका पातळीवर साहाय्य मिळाले पाहिजे.

सर्वांत तातडीचे काम वह्यांचे आहे. १८२८ सालापासूनचा वारसा सांगणारे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय याच शहरात आहे. वगनाट्ये आणि छोट्या नाटकांच्या हस्तलिखित प्रती अशा ठिकाणी लेखकाच्या नावानिशी जमा झाल्या, तर दोन गोष्टी साधतील. दुसऱ्या गावाला नाटक मिळेल आणि लेखकाला त्याचे नाव व मानधन मागण्याचा आधार मिळेल. आज एका गावचे नाटक दुसऱ्या गावात गेलेच, तर प्रवासात लेखकाचे नाव गळून पडण्याचा धोका असतो.

गवाणकरांच्या नावे पुरस्कार किंवा स्मारक उभारण्याच्या सूचना होतील आणि त्यांचे स्वागतच आहे. मात्र पुरस्कार एका लेखकाला मिळतो. त्यांच्या जिल्ह्यातील नवख्या विनोदी लेखकांना आधी गरज आहे ती दुसऱ्या गावातील एका मंडपाची आणि त्यांना न ओळखणाऱ्या शंभर प्रेक्षकांची.