चार फोडी, एक संत्रं

दोस्तांनो, मराठीच्या तासाला भेंड्या लागल्या की काय होतं? वर्गाचे दोन गट पडतात. दोन-तीन तरबेज गडी भराभर कविता म्हणतात, समोरच्यांवर मुद्दाम ‘ळ’ आणतात आणि बाकीचे नुसत्या टाळ्या वाजवतात. मागच्या बाकावरचा एखादा तर तासभर तोंडच उघडत नाही.

त्याला काही येत नाही, असं नसतं. आपलं नागपूर १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं. आजही इथं कितीतरी घरांत हिंदी बोलतात. आपण मराठीत चुकू, सगळे हसतील, म्हणून तो गप्प बसतो. आणि बोललंच नाही, तर भाषा येणार कशी?

अमेरिकेत ऑस्टिन शहरात १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानंच एका वर्गात आली होती. त्यांचं पटेना. तेव्हा एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. झालं! ज्याला चिडवायचे, त्याचंच कान देऊन ऐकावं लागलं. नाहीतर धडा पुरा होईना!

आपण हा खेळ संत्र्यावर खेळू या. चौघांचा गट करा आणि चार चिठ्ठ्या लिहा :

१. अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात.
२. मृग बहाराची फुलं जून-जुलैत येतात.
३. फुलापासून फळ तोडणीला यायला साधारण नऊ महिने लागतात.
४. फुलं यायच्या आधी महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडतात. याला ‘ताण देणं’ म्हणतात.

प्रत्येकानं एक चिठ्ठी वाचायची आणि खिशात टाकायची. दाखवायची नाही, आपल्या शब्दांत सांगायची. आता प्रश्न : मार्चमध्ये बाजारात आलेलं संत्रं कोणत्या बहाराचं? आणि त्याच्या झाडाचं पाणी कधी तोडलं असेल?

कुणी शब्दाला अडला, तर हिंदी शब्द चालेल. मराठी शब्द गटानं शोधून द्यायचा. पण त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ‘म्हणजे कसं रे?’ असं विचारा. हसलात तर तो गप्प बसेल आणि तुमचंच उत्तर अडेल! गटातर्फे उत्तर कोण देणार, हे शेवटी चिठ्ठी टाकून ठरवा. म्हणजे सगळ्यांनाच सगळं कळायला हवं. सगळ्या गटांना उत्तर आलं, की अख्खा वर्ग जिंकला.

(उत्तर : मृग बहाराचं. पाणी तोडलं ते ऐन उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास.)

पुढच्या वेळी चिठ्ठ्या तुम्हीच करा. आणि सगळ्यात अवघड चिठ्ठी मागच्या बाकावरच्या त्या दोस्ताला द्या. बघा, तो कसा बोलू लागतो ते!